राहिलेल्यांचा खंड

मंगल,

गेले बारा दिवस माझ्याकडे लोक येतायत. सांत्वनाला म्हणून येतात, चहा घेतात आणि तुझ्याबद्दल मलाच सांगत बसतात. परवा एक बाई चिकलठाण्याहून आल्या होत्या. तुला त्या आयुष्यात एकदाच भेटल्या, तेही पाच मिनिटं, कुठल्याशा हळदीकुंकवात. पुस्तकावर सही करताना तू त्यांना काय म्हणालीस ते त्यांनी मला तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा डोळे पुसले. मी मान हलवत होते आणि मनात म्हणत होते, बाई, मी हिच्याबरोबर बावीस वर्षं एका टेबलावर डबा खाल्लाय. तुमची पाच मिनिटं तुमच्यापाशीच ठेवा.

तर हे असं आहे. तू गेलीस, माझा हेवा गेला नाही. उलट आता तो मोकळाच सुटलाय, कारण त्याला दबून राहावं असं समोर कुणी उरलं नाही.

तू शाळेत आलीस तो दिवस मला लख्ख आठवतो. छावणीकडच्या आपल्या शाळेची शिक्षकखोली, पंखा बंद, आणि तू काखेत गुंडाळलेले नकाशे घेऊन दारात उभी. "भूगोलाच्या बाईंची खुर्ची कोणती व्हय?" असं विचारलंस. सगळे हसले. मी हसले नाही, पण मनातल्या मनात तुझं वाक्य दुरुस्त केलं. मधल्या सुट्टीत तू मला 'नलूताई' म्हणालीस आणि पुढं कायम तेच म्हणत राहिलीस. मी तुझ्यापेक्षा तीन महिन्यांनी लहान आहे, हे मी तुला कधी सांगितलं नाही. मला ते 'ताई' आवडायचं.

मराठी मी शिकवत होते. माझे दोन कथासंग्रह आले होते, एका दिवाळी अंकानं माझा फोटो छापला होता. शाळेत लेखिका म्हटलं की मी, हे ठरलेलं होतं. आणि तू उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर नकाशे काढायचीस, जगात कुठंच नसलेल्या मुलखाचे. डोंगर, खिंडी, कोरडं पात्र. मी एकदा विचारलं, "हे काय गं?" तू म्हणालीस, "हितली नदी चोरीला गेलीय. कुणी नेली ते शोधतेय."

त्यातून 'नीरवाट' झाली. तीन खंडांची, घोडे आणि राक्षस आणि बोलणाऱ्या घारींची कादंबरी. डोंगरराजा येतो आणि खोलगावची नदी धुतलेल्या लुगड्यासारखी घडी घालून घेऊन जातो, आणि राणीची लेक मेघाली ती परत आणायला निघते. पहिल्या खंडाची वही तू माझ्या हातात दिलीस. मी तिचं शुद्धलेखन तपासलं. तू पानापानावर 'पानी' लिहिलं होतंस. मी प्रत्येक ठिकाणी 'पाणी' केलं आणि म्हटलं, "गोष्ट छान आहे, मुलांना आवडेल." ती मुलांची गोष्ट नाही हे मला तिसऱ्याच पानावर कळलं होतं.

पहिला खंड आला आणि डोक्यावर घेतला गेला. औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानात काचेत लागला. शेवटी मेघाली डोंगरराजाच्या गुहेच्या तोंडाशी उभी राहते आणि आत पाऊल टाकते, तिथं तू खंड संपवला होतास, त्यामुळं लोक शाळेच्या फाटकावर येऊन विचारायचे, पुढं काय? शिपायानं एकदा तुझ्याऐवजी मला बोलावलं. लेखिका मॅडमला भेटायला कुणी आलंय म्हटल्यावर त्याला मीच वाटले. मी केस नीट करून गेले. समोरच्या दोन कॉलेजच्या मुलींनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सॉरी, आम्हाला मंगल मॅडम पाहिजेत." मी तुला बोलावून आणलं. तेवढं अंतर चालत येताना मला काय झालं, ते तुला कसं कळणार होतं.

मग दुष्काळाची ती वर्षं आली. जायकवाडीच्या तळाला भेगा पडल्याचे फोटो रोज छापून यायचे आणि त्याच वेळी शहर जालना रोडनं पूर्वेला पसरत होतं. शेंद्र्याच्या पुढचं तुझं गाव कारखान्यांच्या मध्ये आलं. तुमचं शेत गेलं, आणि शेतातली विहीर एका कंपाउंडच्या भिंतीआड राहिली. सुट्टीत गावी जाऊन आलीस आणि धपाटं तोडता तोडता म्हणालीस, "हीर दिसतीय भिंतीवरनं. बाया भिंतीच्या ह्या बाजूला टँकरची वाट बघत्यात." एवढंच बोललीस. पण त्या आठवड्यात तू मधला खंड लिहायला घेतलास.

आपलं भांडण झालं ते त्यावरून. तू सांगितलंस की मधल्या खंडात मेघाली नाहीच. एका पानावरसुद्धा नाही. ती गुहेत गेलेली आहे आणि अख्खी चारशे पानं खोलगावात घडतात, नदी गेल्यावर मागं राहिलेल्या माणसांची.

"आणि ती माणसं करतात काय?" मी विचारलं.

"वाट बघत्यात. पानी भरत्यात. भांडत्यात. लेकरं जन्माला घालत्यात."

"मंगल, लोक घटना वाचतात. वाट पाहणं ही घटना नाही."

"तुला कधी बघावी लागली नाय, म्हणून." तू रागानं नाही म्हणालीस. "नलूताई, जे गेले त्यांचं सगळेच लिहित्यात. राहिले त्यांचं कुणी लिहायचं?"

तेवढ्यात घंटा झाली आणि आपण वर्गावर गेलो.

तू वही मला वाचायला दिलीस. इथं मी तुला जे सांगणार आहे ते मी तुला कधीच सांगितलं नाही. मी ती वाचली नाही, मंगल. सुरुवातीची थोडी पानं वाचली. पाण्याच्या रांगेचं ते वर्णन इतकं चांगलं होतं की मी वही मिटली. पंधरा दिवसांनी परत करताना म्हटलं, "वाचलं. माझं मत तेच आहे." तू माझ्या तोंडाकडे जरा वेळ बघितलंस आणि म्हणालीस, "बरं."

मधला खंड छापून आला आणि लोक चिडले. काय चिडले! पुण्याच्या एका इंजिनिअरिंगच्या मुलानं लिहिलं, 'मॅडम, मेघाली कुठे आहे? दीडशे पानं झाली, लोक अजून रांगेतच आहेत.' नाशिकच्या एका गृहस्थांनी पुस्तक पोस्टानं परत पाठवलं, सोबत चिठ्ठी, 'पहिला खंड ठेवून घेत आहे.' वाचकांच्या ग्रुपवर कुणी विचारलं, तिसरा आला की मधला खंड गाळून थेट तोच वाचला तर चालेल का, आणि खाली पन्नास जणांनी अंगठे उठवले. अजिंठ्याच्या एका निवृत्त पोस्टमननी कळवलं की कादंबरी कंटाळवाणी आहेच, शिवाय घार उन्हात इतकी खाली उडत नाही.

मी तुझ्याकडे शिऱ्याचा डबा घेऊन यायचे. पलंगावर बसून एकेक पत्र मोठ्यानं वाचायचे, चांगला स्वर लावून, विरामचिन्हांसकट. तू भिंतीला टेकून ऐकायचीस. घारीवरच्या पत्राला तू खूप हसलीस आणि म्हणालीस, "खरंय की, चुकलंच माझं." मला वाटायचं तू आतून मोडत असशील. मी तुझ्या पाठीवर हात ठेवायचे. घरी परत जाताना मला इतकं हलकं वाटायचं की क्रांती चौकापासून चालत जायचे. ते दोन महिने माझ्या आयुष्यातले फार सुखाचे होते. हे लिहिताना लाज वाटतेय, पण खोटं लिहिलं तर तू ओळखशील.

आणि मग रविवारच्या पुरवणीसाठी मला तुझ्या पुस्तकावर लिहायला सांगितलं गेलं. मी नाही म्हणू शकले असते. मी लिहिलं. न वाचलेल्या पुस्तकावर दीड हजार शब्द लिहिले. त्यातलं एक वाक्य मला स्वतःला फार आवडलं होतं. 'लेखिका भूगोलाच्या शिक्षिका आहेत आणि ते पानोपानी जाणवतं.'

सोमवारी तू आलीस, पर्स ठेवलीस, पाणी प्यालीस. तू माझ्यासमोर कागदांचा एक गठ्ठा ठेवलास. तिसऱ्या खंडाची सुरुवात होती. म्हणालीस, "नलूताई, हे बी तपासून दे. तुझं अक्षर चांगलं आहे."

मला तो अपमान वाटला. मग वाटलं, ही भोळी आहे. कितीतरी दिवस मी ह्या दोनच गोष्टींत फिरत होते.

पुढच्या उन्हाळ्यात आमच्या कॉलनीतसुद्धा नळ आठवड्यातून एकदाही येईना. सिडकोत घर घेताना आम्ही मोठ्या ऐटीत घेतलं होतं. आता सकाळी सातला ड्रम घेऊन मैदानात उभं राहायचं, टँकर कधी येईल ते सांगता येत नसे. एका सकाळी गेले तर बायका घोळका करून बसलेल्या, मधोमध आमच्या शेजारची वैशाली पालथ्या बादलीवर बसून मोठ्यानं वाचत होती. तिच्या हातात मधला खंड.

"या काकू," ती म्हणाली. "तुमच्याच मैत्रिणीचं आहे ना? आम्ही रोज थोडं थोडं वाचतो. आज कावेरीचं आहे."

मला कावेरी कोण ते ठाऊक नव्हतं. तुझी पहिली वाचक, तुझी समीक्षक, आणि मला ठाऊक नव्हतं.

कावेरी म्हणजे खोलगावची पत्र लिहून देणारी बाई. राहिलेली माणसं मेघालीला पत्रं लिहून घेतात, कावेरी ती लिहिते आणि घार घेऊन जाते. लिहिताना ती बोरू दातांवर आपटते. माणसं पुटपुटायला लागली की म्हणते, "स्पष्ट बोला, कागदाला कान नसतात." मी हातातली पेन्सिल दातांवर आपटते, मंगल. श्रुतलेखन घेताना पोरींना तीस वर्षं हेच वाक्य सांगत आले.

वैशाली वाचत होती. सगळ्या गावाचं प्रेम कावेरीच्या हातून जातं आणि एक ओळही तिच्या नावानं येत नाही. सगळं मेघालीला. एके दिवशी राणी लेकीसाठी पत्र सांगून जाते. कावेरी ते सुंदर अक्षरात लिहिते, मग कणगीत दाण्यांखाली दडवते आणि घारीला रिकामीच उडवते.

"बाई गं," कुणीतरी म्हणालं. "असं का केलं हिनं?"

"का म्हणजे?" कोपऱ्यातल्या एक आजी म्हणाल्या. "जळली बिचारी. आपन नाय का जळत?"

सगळ्या हसल्या, पण मायेनं. त्यांना ती आवडली होती. तेवढ्यात टँकर आला आणि पुस्तक ओढणीत गुंडाळून वैशाली पळाली. मी ड्रम तिथंच सोडून घरी गेले.

तू दिलेली प्रत कपाटात होती. आत लिहिलेलं, 'नलूताईला, पहिल्या वाचकाला'. पानं एकमेकांना चिकटलेली. मी त्या दिवशी शाळेत गेले नाही. दुपारपर्यंत कणगीपाशी पोचले आणि पुढं वाचलं. राणीला कळतं. ती ओरडत नाही. कणगी उपसत नाही. दुसऱ्या दिवशी कावेरीच्या ओट्यावर येऊन बसते आणि म्हणते, 'आणखी एक पत्र लिहायचंय. तुझं अक्षर चांगलं आहे.'

हे तू माझ्या परीक्षणाच्या वर्षभर आधी लिहिलं होतंस. मी काय करणार आहे ते तुला माहीत होतं आणि तू काय करणार तेही तू ठरवून ठेवलं होतंस. आणि खोलगावातली सगळी माणसं 'पानी' म्हणत होती. छापायच्या आधी तू कुणाला एकही 'पानी' दुरुस्त करू दिलं नव्हतंस. बरं केलंस.

संध्याकाळी मी तुझ्या घरी आले. सगळं सांगायचं ठरवून आले होते. दारात सात-आठ चपला. आत शेंद्र्याच्या बायका बसलेल्या, कंपनीच्या गणवेशात, पहिली पाळी करून आलेल्या. त्या वर्षी वारं फिरलं होतं. आता वेगळी पत्रं येत होती. बीडच्या एका नर्सनं लिहिलं होतं, 'आमच्या घरातून कुणी कुठं गेलं नाही. आम्ही सगळे राहिलेलेच. आमचं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.' पुण्याच्या त्या मुलानंही परत लिहिलं होतं, की आईच्या आजारपणात त्यानं मधला खंड पुन्हा काढला आणि आता तोच त्याला सगळ्यांत जवळचा आहे.

तू मला बघून उठलीस, हात धरून आत नेलंस. "ह्या नलूताई," तू त्यांना म्हणालीस. "ह्यांनी सगळ्यांत आधी वाचलंय."

त्या सगळ्या माझ्याकडे आदरानं बघायला लागल्या. मी खुर्चीत बसले आणि चहा प्याले. त्यांच्यातली छाया म्हणून एक होती, तीस-बत्तिशीची, ती तुझ्याशी असं बोलत होती जसं मी कधी बोलले नव्हते. "बाई, ते विहिरीचं तुम्ही लई झटकन संपवलंय, अजून पायजे व्हतं." आणि तू तिच्याशी भांडत होतीस, खुशीत. मला वाटलं होतं पुस्तकावरून तू फक्त माझ्याशी भांडतेस.

मग तुझं दुखणं निघालं. दवाखान्यात मी रोज यायचे आणि रोज कुणीतरी वाचक आधीच तुझ्या उशाशी असायचं, डबा घेऊन नाहीतर प्रश्न घेऊन. एका दुपारी आपण दोघीच होतो. मी सुरुवात केली, "मंगल, तो मधला खंड..."

"नको गं," तू डोळे मिटूनच म्हणालीस. "आता त्याला शिव्या देऊ नकोस. लई खाल्ल्या त्यानं." आणि हसलीस. मग सिस्टर आल्या, मग भाऊजी आले. तुला वाटलं असेल, मी शिव्याच देणार होते. की तुला ठाऊक होतं आणि तू मला वाचवलंस? कुणाला विचारू?

तिसरा खंड अर्धा राहिला. मेघाली अजून गुहेतच आहे. लोक मला फोन करतात, "तुम्हाला तर सांगितलं असेल त्यांनी." मी म्हणते, थोडंफार. काहीच सांगितलं नव्हतंस.

काल शाळेच्या सभागृहात तुझी शोकसभा झाली. मला बोलायला सांगितलं. मी तयारी करून गेले होते, भाषण छान होतं. बोलून झाल्यावर दहावीतल्या एका मुलीनं हात वर केला. "बाई, तुम्ही मधला खंड पहिल्यांदा वाचलात तेव्हा तुम्हाला काय वाटलं होतं?"

मी तिच्याकडे बघितलं. मागच्या रांगांमध्ये गणवेशातल्या बायका होत्या.

"मी वाचला नव्हता," मी म्हणाले. "तिनं वही दिली होती, मी वाचली नाही. वाचली असं खोटं सांगितलं. न वाचताच त्यावर वाईट लिहिलं. मला तिचा हेवा वाटत होता."

मुख्याध्यापिकांनी घाईघाईनं आभार मानले. भाऊजींनी माझ्याकडे बघितलं नाही. कुणी जवळ आलं नाही, आणि मी एकटीच फाटकाकडे निघाले.

मागून छाया आली. "मॅडम, थांबा की."

मी थांबले.

"वाईट नका वाटून घेऊ. बाईंना ठावं व्हतं."

"काय ठाऊक होतं?"

"तुम्ही वाचलं नाय ते. मीच इचारलं व्हतं त्यांना, की ती कावेरी तुमच्या मैत्रिणीवरनं केलीय म्हनता, त्यांना राग नाय आला का? तर लई हसल्या. म्हणल्या, तिनं वाचलंच नाय. वाचलं असतं तर मी भ्याले असते, छापलंच नसतं."

तू हे तिला सांगितलंस. माझ्याशी एका टेबलावर बसून डबा खात राहिलीस आणि हे तिला सांगितलंस.

"अजून काय म्हणाली?" मी विचारलं.

"लई काय काय म्हणल्या. तिसऱ्यात कावेरीचं काय व्हनार ते बी सांगितलंय आम्हाला."

"काय होणार होतं?"

छायानं माझ्याकडे नीट बघितलं. दया नव्हती तिच्या नजरेत, रागही नव्हता. आपल्याकडे काय आहे हे माहीत असलेल्या माणसासारखी बघत होती. "असं उभ्या उभ्या नाय सांगत मी. रविवारी या शेंद्र्याला. आम्ही मधला खंड पुन्हा पयल्यापासून धरलाय. बसा आमच्यात. मग सांगते." आणि तिच्या मैत्रिणींनी थांबवलेल्या रिक्षात ती चढली.

मी जाणार आहे, मंगल. सगळ्यांच्या मागं बसेन. त्या वाचतील तसं ऐकेन, एका शब्दाला टोकणार नाही. त्या माझ्यावर हसतील तर हसू दे. पण त्यांच्यापाशी तुझं जे काही आहे ते सगळं मला हवंय.